सून बघायला गेले आणि हळद वेचून आले

साखरा

माझ्या नातवाचा एक कागद आहे. त्याला बायोडाटा म्हणतात. वर गणपती, खाली नाव, उंची, रास, मामाचं गाव, आणि मधोमध ठळक अक्षरात ‘नोकरी : खाजगी कंपनीत आहे’. हे खोटं आहे. माझा सगळा प्रवास त्या एका ओळीपायी झाला, म्हणून आधी ती ओळ सांगून टाकली.

नातवाचं नाव गजानन. आम्ही गजू म्हणतो. तिशी ओलांडली. घरची कोरडवाहू जमीन करतो, सोयाबीन, तूर, हरभरा. बाकीच्या दिवसांत दुसऱ्याच्या वावरात ट्रॅक्टर चालवतो, फवारणी करतो. मधे सहा महिने पुण्याकडे एका कंपनीत होता. खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचा. खोक्यात काय आहे हे सहा महिन्यांत त्याला कुणी सांगितलं नाही. तो परत आला. मी विचारलं, काहून आलास? तर म्हणाला, “आज्जे, तिथं ऊन कवा पडलं अन् कवा गेलं, कळतच न्हाई.”

माझ्या लेकानं, किसननं, कागद छापताना ‘होता’ काढून ‘आहे’ घातलं. म्हणाला, “आई, समदेच घालतेत.” ते मात्र खरं. आमच्या गावातल्या पोरांचे कागद गोळा केले तर गावात एकही शेतकरी निघणार नाही. मग सोयाबीन कोण पेरतं ते देवालाच ठाऊक.

माझ्या लग्नात माझ्या बापानं एकच विचारलं होतं, बैल किती? दोन आहेत म्हणाले. त्यातला एक लंगडा निघाला. म्हणजे खोटं तेव्हाही होतं, फक्त छापत नव्हते.

आधी सात ठिकाणी शेतीच सांगितली होती आणि सातही ठिकाणांहून नकार आले, म्हणून हा कागद. आठवी जागा वारंगा फाट्याच्या आतल्या एका गावची. गावाचं नाव लिहीत नाही, सोयरिकीचं काम आहे. पोरीचं नाव वंदना. कागद पाठवून दीड महिना झाला तरी तिकडून होय नाही की नाही नाही. गजू फवारणीला निघाला की पंप पाठीवर घ्यायच्या आधी मोबाइलात तिचा फोटो बघायचा. मी दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं आणि पिशवी भरली.

मुलीकडून बोलावणं आल्याशिवाय मुलाकडच्यांनी जाऊ नये अशी रीत आहे. पण म्हातारी बाई कुठंही जाऊ शकते. तिला कुणी पाहुणा धरत नाही, पाण्याचा तांब्या देतात आणि विसरतात. शिवाय आधार कार्डाप्रमाणे मला शहात्तर झाली, एसटीला तिकीट पडत नाही. जन्म खरा कधीचा ते कुणालाच माहीत नाही. शाळेतल्या मास्तरांनी एक जून लिहिला. आमच्या वर्गातली सगळीच पोरं एक जूनला जन्मलेली.

“आई, बोलावल्याबिगर गेलीस तर इज्जत जाईल,” किसन म्हणाला.

“माझी इज्जत मी संगं नेते. तुझी घरात ठेव,” मी म्हटलं आणि निघाले. कागद पिशवीत घेतला.

पुसेगाव

पहिला मुक्काम पुसेगावला नणंदेकडे. तिचं नाव गोदा. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण आजारपणं माझ्या दुप्पट सांगते. जीपमध्ये इतकी माणसं कोंबली होती की उतरताना माझा चष्मा कुणाच्या तरी कोपराला लागून काडीतून तुटला. कोपर कुणाचं ते सापडलं नाही. माणसंच एवढी होती.

गोदानं भाकरी, करडईची भाजी आणि ठेचा केला. करडईची भाजी आमच्याकडे आता मिळत नाही, कारण करडई कुणी पेरतच नाही. काटे टोचतात म्हणून काढायला माणूस येत नाही. गोदाच्या परड्यात होती. मी दोनदा मागून घेतली. गोठ्यात बैल नव्हते. तिथं तिच्या सुनेनं मिरची दळायची चक्की टाकली आहे. बैलाच्या खुंट्याला चक्कीचा पट्टा टांगलेला. सासू आजारपण सांगते तेव्हा सून चक्की चालू करते. हुशार पोरगी आहे.

चष्मा घेऊन जब्बारभाईकडे गेले. जब्बारभाई म्हणजे ज्यांनी माझ्या सासूच्या पितळेच्या पातेल्यांना कल्हई केली तेच. दारात भाता लावून बसायचे, धूर आणि नवसागराचा वास यायचा, आम्ही लेकरं डोळे चोळत बघत... नाही, तेव्हा मी लेकरू नव्हते, मला लेकरं होती. स्टीलची भांडी आली आणि कल्हई बंद झाली. मग ते स्टो दुरुस्त करायला लागले. गॅस आला, स्टो गेले. मग फवारणीचे पंप. आता दुकानात पंप, मिक्सर, मोबाइल, जे बिघडेल ते. दाढी पांढरी झाली, पण हात तसाच.

त्यांनी चष्म्याला तांब्याची तार गुंडाळली आणि विचारलं, “अम्मा, किधर चले?”

मी कागद दाखवला. त्यांनी ती ओळ वाचली. गजूला ते ओळखतात, पंप त्यांच्याकडेच आणतो. हसले. म्हणाले, “पैले हम बर्तन कू कल्हई करते थे. अब लोगां कागज कू कल्हई करते.”

“अन् उडाली मंजी?”

“उडतीच ना, अम्मा. इसी वास्ते तो मेरा धंदा चलता था.”

हिंगोली

हिंगोलीत भाच्याकडे उतरले. सकाळी दात घासायला अंगणात आले तर रस्त्यावरून पंधरा-वीस पोरं पळत गेली. मला वाटलं आग लागली. भाच्याची बायको रेखा म्हणाली, “आत्याबाई, पोलीस भरतीचे पोरं हायत. रोज पळतेत.”

“किती वरसं झाले?”

“त्यो निळ्या शर्टाचा चौथं वरीस.”

चार वर्षं पळून तो अजून हिंगोलीतच आहे. आमच्याकडे एवढं पळालं असतं तर नांगरटी झाली असती. पण मी बोलले नाही. पळणाऱ्या माणसाला आणि देवळात बसलेल्या माणसाला काही विचारू नये.

रेखाचं घराच्या पुढच्या खोलीत ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. तलाठी, पोलीस, वनरक्षक, सगळे फॉर्म. दुपारी बसून मी बघितलं. पोरं येतात, फोटो देतात, अंगठा देतात, जातात. नोकरी कुणाला लागली ते रेखाला सांगता आलं नाही, पण रेखाचं काम मात्र कायमचं झालं आहे. जिल्ह्यात सगळ्यात पक्की नोकरी म्हणजे नोकरीचे फॉर्म भरायची, असं माझं मत झालं.

मी तिला विचारलं, “कागदावर शेती लिहिलं असतं तर?”

“तर आत्याबाई, पोरीवाले फोटो बघायच्या आधी फोन खाली ठेवतेत. किसनभाऊंनी बराबर केलं.”

तर आता एकीकडे जब्बारभाई, दुसरीकडे रेखा. मी ठरवलं, आपण पोरगी बघू, ओळीचं नंतर बघू.

वारंगा फाटा

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं कळमनुरी, बाळापूर करत वारंगा फाट्यावर उतरले. वारंग्याची खिचडी सगळ्या मराठवाड्यात ऐकलेली होती. खाल्ली. पिवळी, मऊ, वर तळलेली मिरची. चांगली होती. पण कौतुक ऐकून जेवढी चांगली वाटायला हवी तेवढी कुठली खिचडी असते?

फाट्यावर ट्रक, टपऱ्या, टायरवाले. आणि एका बाजूला बाया. डब्याच्या पिशव्या काखेत, साडीवर पुरुषाचे पूर्ण बाह्यांचे शर्ट, तोंडाला रुमाल. मी एका टपरीवाल्याला गावाचं नाव सांगून विचारलं, गाडी कोणती? त्यानं बोट केलं, “ती काय, छोटा हत्ती उभा हाय. लवकर जा, आजी, निघून राहिला.”

मी गेले. त्या छोट्या टेम्पोत पंधराएक बाया बसलेल्या. चालवायला एक रुमाल बांधलेली पोरगी. तिनं खिडकीतून मान काढून काहीतरी विचारलं. बाजूनं ट्रक हॉर्न देत गेला. मला फक्त ‘सासू’ एवढंच ऐकू आलं. आता सासू मी आहेच. मी मान हलवली. ती म्हणाली, “बसा मंग, उशीर झाला.” दोन बायांनी मला काखेत धरून वर ओढलं. एसटीत कधी एवढा मान मिळाला नव्हता.

गाडी गावात शिरेल असं वाटत होतं. ती एका वावरात शिरली.

हळदीचं रान

आमचा साखरा कोरडवाहू. तिथं हळद दोनच ठिकाणी दिसते, डब्यात आणि लग्नात. शेतात एवढी हळद मी पहिल्यांदा बघितली. आदल्या दिवशी ट्रॅक्टरनं वाफे उकरून ठेवले होते आणि मातीवर हळदीचे गड्डेच्या गड्डे पडलेले, वर मातीचे, मोडले की आत केशरी. वास असा की नाकात बसला तो साखऱ्याला येईपर्यंत गेला नाही.

तेव्हा मला कळलं की ही मजुरांची गाडी आहे आणि मी मजूर आहे. मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात वावराचा मालक मोटारसायकलवरून आला आणि ओरडला, “वंदनाताई! आलात का, बरं झालं!”

गाडी चालवणाऱ्या पोरीनं हात वर केला.

मी तोंड मिटलं. चष्म्याची तार सरळ केली आणि तिच्याकडे नीट बघितलं. रुमालातून डोळेच दिसत होते, पण डोळे फोटोतलेच. मी विचार केला, बघायला गेलं की पोरगी पोहे घेऊन येते, मान खाली, पदर डोक्यावर. त्यात काय कळतं? पोहे कुणी केले तेही कळत नाही. इथं ती आपल्याला न बघता आपण तिला दिवसभर बघणार. असा योग चालून आला तर सोडू नये. मी सावलीतल्या शेवटच्या वाफ्याला जाऊन बसले.

कामाला हात लावायच्या आधी वंदनानं एक ताजा गड्डा मोडला, बोट फिरवलं आणि रांगेतल्या प्रत्येक बाईच्या कपाळाला हळद लावत आली. माझ्यापुढं आली तशी मी मान मागं घेतली.

“मला नगं. मालक जाऊन बावीस वरसं झाले.”

माझा नवरा गेल्यापासून चैत्रात, संक्रांतीला, लग्नाघरी मला हळद-कुंकवाला कुणी बोलावलं नाही. मीही कुणाच्या दारात त्यासाठी उभी राहिले नाही. बरं, हळदीवाचून काही अडलं नाही. पण नियम माहीत असलेला बरा, म्हणून मी सांगितलं.

ती म्हणाली, “आजी, इथं टोळीचा नियम हाय. ज्याचा हात हळदीत, त्याच्या कपाळाला हळद. ह्या रांगेत पाच जणी तुमच्यावानीच हायत. लावून घ्या, उशीर होऊन राहिला.”

मी म्हटलं, “लाव मंग बाई. काम तरी सुरू होऊ दे.”

काम असं: मातीतून झुबका उचलायचा, झटकायचा, मधला जाड गड्डा वेगळ्या टोपल्यात, बोटांसारखी हळकुंडं वेगळ्या टोपल्यात. ऐकायला सोपं. मी तासाभरात दोन्ही टोपल्यांत दोन्ही माल भरून ठेवला.

“ओ आजी! गड्डे इकडं काहून टाकून राहिल्या?” वंदना वाफ्याच्या दुसऱ्या टोकावरून ओरडली. आवाज असा की पलीकडच्या वावरातला माणूसही टोपली बघायला लागला.

“दिसलं न्हाई, माय.”

दुसऱ्यांदा ओरडली तेव्हा मीही म्हटलं, “तुझ्या आजीच्या वयाची हाय मी.”

“म्हणूनच सावलीला बसू दिलं. गड्डे तिकडं!”

माझ्या शेजारी कौसाबाई होती. पन्नाशीची, बडबडी, हात मात्र तोंडाहून वेगात. तिनं मला सगळं समजावलं. ही टोळी रोजानं जात नाही, गुत्तं घेते. गुत्तं म्हणजे सगळ्या वावराचं काम आधी ठरवून घ्यायचं. लवकर उरकलं तर लवकर घरी. सोळा बाया. बोलणी वंदना करते, गाडी वंदना चालवते, फोन वंदनाकडे. एखादीला यायचं नसेल तर तिनं आपली बदली पाठवायची, सासू, जाऊ, लेक, कुणीही. सोळाचा आकडा मोडायचा नाही.

“लोकायची कंपनी पुण्याला,” कौसाबाई म्हणाली, “आमची ही. मालकीण वंदी, कामगार आमी, अन् ह्यो हत्ती कंपनीची बस.”

मी चाळीस वर्षं रोजानं गेले. दिवस मावळेपर्यंत कंबर वाकवायची आणि मालकीण बांधावर आली की हात जोरात चालवायचे, ती गेली की हळू. कामावर बोलवायला मालक सांगावा पाठवायचा आणि आम्ही त्याच्या दारात जाऊन उभ्या राहायचो. इथं चहाच्या वेळी मालक स्वतः किटली घेऊन आला. बाया बसलेल्या, मालक उभा.

“वंदनाताई, भावाचं वावर उद्या धरा ना.”

“उद्या न्हाई. परवा बघू.”

“परवा बराबर ना?”

“बघू म्हणलं, काका.”

मालक खाली मान घालून कप गोळा करायला लागला. ते बघून माझी कंबर दुखायची थांबली. खोटं कशाला सांगू, थांबली नाही, पण मला पंधरा मिनिटं आठवण झाली नाही.

जेवण

दुपारी आंब्याखाली डबे उघडले. भाकरी, बेसन, वांगी, एकीच्या डब्यात येसराची, भाजल्या पिठाची आमटी. माझ्याकडे गोदानं दिलेल्या दशम्या होत्या, त्या वाटल्या. वंदनानं तोंडावरचा रुमाल सोडला. फोटोत पावडर होती. खरी त्याहून बरी आहे. सावळी, दात थोडे पुढे. खाताना बोलते. मीही बोलते.

कौसाबाईनं विषय काढला. “वंदे, त्या सेनगावकडच्या कंपनीवाल्याचं काय झालं गं?”

आमचा साखरा सेनगावकडेच.

“काय व्हायचं? मी बाबाला सांगितलं, न्हाई म्हणून कळवा. बाबा कळवीत न्हाईत. त्यायला कंपनीवालाच पायजे.”

“तुला काहून नको?”

“मावशे, कंपनीवाला मंजी पुण्याची एक खोली. त्यो पाळीला जाणार अन् मी दिवसभर काय करू, भिंती निंदू? अन् ह्या सोळा जणींचं काय?”

बाया हसल्या. मी पाणी प्यायले. दीड महिना आम्ही ज्या ओळीच्या भरवशावर बसलो होतो, तिनंच घात केला होता. सात जणींनी शेतकरी म्हणून नाकारला आणि आठवीनं कंपनीवाला म्हणून.

मी हळूच म्हटलं, “अन् शेती करणारा असता तर?”

“तर त्यानं तसं लिहिलं असतं ना, आजी. शेती करतो असं सरळ सांगणारा एक तर दाखवा. मी बघंन. आता समदेच कंपनीत.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हात बरबटलेले, म्हणून तिनं तो मोठ्या आवाजावर लावून मांडीवर ठेवला. पलीकडून बाई ओरडत होती, “वंदे, मी शेवंता! अगं, माझी सासू सकाळधरनं फाट्यावर बसून राहिली! गाडी आलीच न्हाई म्हणती!”

वंदनानं माझ्याकडे बघितलं. कौसाबाईनं बघितलं. मग पंधराच्या पंधरा.

“शेवंताची सासू फाट्यावर हाय,” वंदना म्हणाली. “मंग तुमी कोण?”

आता पळायची सोय नव्हती. दशमी पण संपली होती.

“मी,” म्हटलं, “त्या कंपनीची आजी.”

कुणी हसलं नाही. मी पिशवीतून कागद काढला आणि सगळं सांगितलं. गजू, खोकी, चिठ्ठ्या, सहा महिने, ‘होता’ आणि ‘आहे’. जे खरं ते सांगितलं, एकही विशेषण लावलं नाही. नातू दिसायला बरा आहे, पण तेही मी सांगितलं नाही.

कौसाबाई तोंडाला पदर लावून हलत होती. वंदना हलत नव्हती.

“तुमी मला बघाया आल्या?”

“आले व्हते. पण सकाळधरनं तूच मला बघून राहिलीस.”

“अन् काय दिसलं तुमाला?”

“आवाज लई मोठा हाय. गड्ड्यापायी मला तीनदा बोललीस. आमच्या घरात बोलणारी मी एकटीच हाय अन् मी थकले.”

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तिनं तो आवरला. म्हणाली, “खोटं छापणाऱ्याच्या घरात मी कशी येऊ, आजी? आज हे छापलं, उद्या माझ्या नावावर काय छापतील?”

ती बरोबर बोलत होती. मी म्हटलं, “छापलं बापानं. पोरगा गप बसला, ते त्याचं चुकलं. त्याला मी बोलते. तुला काय सांगू?” आणि डब्याखालचा तिचा हजेरीचा पेन घेतला, ‘खाजगी कंपनीत आहे’ यावर आडवी रेघ मारली आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं: ‘शेती करतो. सहा महिने कंपनीत होता. तिथे ऊन दिसत नाही.’ माझं अक्षर चौथीपर्यंतचं आहे, पण वाचता येतं.

वंदनानं ते वाचलं. शेवटची ओळ दोनदा वाचली. मग कागद घडी करून शर्टाच्या खिशात घातला.

“पाठवा त्यायला,” ती म्हणाली. “पाहुणा म्हणून न्हाई, मी पोहे करणार न्हाई. बदली म्हणून. सोमवारी कौसामावशीला लग्नाला जायचंय. तिच्या जागी एक दिवस रांगेत बसावं. बाप्या हाय म्हणून ट्रॅक्टरवर न्हाई बसायचं, खाली बसून वेचायचं.”

“अन् लग्न झालं तर टोळी?”

“तुमच्याकडं सोयाबीन निंदाया बाया मिळतेत का?”

“न्हाई.”

“मंग?” म्हणून ती उठली आणि ओरडली, “चला, उठा! आजी, तुमीबी. गड्डे तिकडं!”

उरलेला अर्धा दिवसही मी वाया घालवला नाही, वेचत राहिले. निघताना तिनं लोणच्यासाठी ओली हळद माझ्या पिशवीत घातली आणि मला फाट्यावर सोडलं. शेवंताची खरी सासू अजून तिथंच बसली होती. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर सांगायची नाही. मी तिला खिचडी खाऊ घातली.

परत साखरा

घरी आले तर किसननं आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग कपाळाकडे. शेजारची शांता भिंतीवरून म्हणाली, “काकू, ह्या वयात हळद लागली व्हय?”

“व्हय. आता नवरदेव हुडकून राहिले.”

किसनला सगळं सांगितलं. तो आधी रागावला, मग घाबरला, मग म्हणाला, “बाप्या माणूस बायांच्या रांगेत बसंल का कुठं?” गजूनं रविवारी दाढी केली, जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट शोधला आणि मला विचारलं, “आज्जे, गड्डे कोणत्या टोपल्यात?”

सोमवारी पहाटेच्या गाडीनं गेला. संध्याकाळी येतो म्हणाला होता. संध्याकाळी फोन आला, मालकाकडे हळद शिजवायला माणूस कमी आहे, तिथंच शेडवर राहतो. मंगळवारी फोन आला, काम उरलंय. बुधवारी फोन आलाच नाही.

गुरुवारी वंदनाचा आला. “आजी, उद्या एक बाई कमी हाय. बदली येता का?”

“मला काहून? गजूला बसव की.”

“त्यो तर बसलेलाच हाय,” ती म्हणाली. “त्याला धरून पंधरा भरल्या.” आणि मागून कौसाबाईचं हसू ऐकू आलं.

मी फोन ठेवला. किसन ओसरीवर डोकं धरून बसला होता. म्हणाला, “आई, गावातले विचारून राहिलेत, पोरगं चार दिवस कुठं हाय म्हणून. काय सांगू?”

“सांग, कंपनीत हाय.”

“परत खोटं?”

“खोटं न्हाई,” मी म्हटलं. “सोळा बायांची कंपनी हाय. मी स्वतः काम करून आले तिथं.” आणि उद्याच्यासाठी पिशवी भरायला घेतली.